फोटो स्वच्छ करा, पण चेहरा जपा

गाझियाबादमधील जानेवारीची संध्याकाळ. बाहेर दाट धुके आणि एका मराठी घरात संक्रांतीचे हळदीकुंकू. मंद दिव्यात कुणीतरी मोबाइलवर आजीचा फोटो काढते. नंतर मोठा करून पाहावा, तर काळ्या चंद्रकळेवर लाल-हिरवे ठिपके!

यालाच ‘नॉइज’ म्हणतात. उजेड कमी पडला, की कॅमेरा सेन्सरकडून आलेला क्षीण संकेत वाढवून घेतो. उन्हात आयएसओ १०० पुरतो, अंधारात तो ३२०० पर्यंतही जातो. संकेताबरोबर त्यातील दोषही वाढतात.

यावर घरच्या घरी उपाय करता येतो. आधी मूळ फोटोची एक प्रत वेगळी ठेवा. मग फोटोशॉपमधील ‘रिड्यूस नॉइज’ फिल्टर उघडा आणि फोटो १०० टक्के आकारात पाहा. प्रथम ‘रिड्यूस कलर नॉइज’ वाढवा. रंगीत ठिपके जातात, पण चेहऱ्याच्या रेषा बहुधा शाबूत राहतात. त्यानंतर ‘स्ट्रेंग्थ’ हळूहळू वाढवा.

हात आवरायचा तो इथेच. अती केले, तर आजीच्या सुरकुत्या पुसल्या जातात आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो. थोडे कण राहिले तरी चालतील. नातवंडांना त्यात आपली आजी दिसायला हवी.