झोक्याचा भार : घरांतील व्यायामाच्या कड्या

जुन्या मराठी घरांत ओटीवर किंवा माजघरांत झोपाळा असे. त्याच्या कड्या तुळईला बसविलेल्या असत, आणि त्या कोठें झिजल्या आहेत काय, हें घरांतील जाणतें माणूस मधून मधून वर हात घालून पाहून घेई. आतां शहरांतील अनेक बिऱ्हाडांत दुसऱ्याच कड्या आल्या आहेत. पट्ट्यांना अडकविलेलीं लांकडाचीं दोन वर्तुळें, एवढेंच त्यांचें स्वरूप. व्यायामशाळेंत त्यांस 'रिंग्ज' म्हणतात. १८९६ सालीं अथेन्स येथें झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांतही हा खेळ होता. साधन उत्तम आहे. परंतु झोपाळ्याच्या मालकाची ती तपासण्याची संवय कड्यांबरोबर घरांत येत नाहीं, आणि धोका आहे तो येथेंच.

साठ किलो वजनाचा एखादा तरुण कड्या धरून स्वस्थ लोंबकळतो. वरचा आंकडा हालत नाहीं, हें पाहून तो निःशंक होतो आणि झोका घेऊं लागतो. त्याची चूक अशी, कीं त्यानें परीक्षा घेतली ती स्थिर वजनाची, आणि आंकड्यावर घातला तो झोक्याचा भार. झोका खालीं येतो तेव्हां पट्ट्यांस शरीराचें वजन तर पेलावें लागतेंच; शिवाय सरळ निसटूं पाहणाऱ्या शरीराला वर्तुळाच्या वाटेवर ओढून धरावें लागतें. हा जादा ताण झोक्याच्या उंचीबरोबर वाढतो. उभ्या रेषेपासून ३० अंशांचा झोका असेल, तर अगदीं खालच्या बिंदूवर भार वजनाच्या सुमारें सव्वापट होतो; ६० अंशांचा असेल तर दुप्पट; आणि पट्टे आडवे होईपर्यंत, म्हणजे ९० अंश, झोका गेला तर तिप्पट. म्हणजे साठ किलोंच्या तरुणाचे अनुक्रमें ७६, १२० आणि १८० किलो झाले! घरांतील झोका ३० अंशांच्या आंतच ठेवावा, असें म्हणावयाचें कारण हेंच.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत कड्या जमिनीपासून २.८० मीटर उंच आणि परस्परांपासून ५० सेंटिमीटर अंतरावर असतात. त्या खास बांधणीच्या चौकटीस टांगलेल्या असतात, आणि कसरत चालूं असतां पट्टे हेलकावूं न देणें हेंच तेथें कौशल्य समजलें जातें. घरीं आपण नेमकें उलट करतों. मुद्दाम झोका घेतों, आणि तोही त्या कामासाठीं न बांधलेल्या छताखालीं. म्हणून कड्या कशाला टांगाव्या, हा पहिला प्रश्न होय. पंख्याचा आंकडा पंख्यासाठीं असतो. त्याला माणूस टांगूं नये. शोभेचें खोटें छत तर आपलाच भार कसाबसा पेलतें. दाराच्या चौकटींत नुसत्या दाबानें बसविलेला दांडा उभ्या वजनास टिकेल, पण झोका त्यास पुढें-मागें ओढतो, आणि अशा ओढीनें तो निसटूं शकतो. मजबूत तुळई किंवा काँक्रीटची तुळई पाहावी, आणि जाणत्या कारागिराकडून तींत आंकडे बसवून घ्यावे. एक हात सुटला तर सारा भार एकाच बाजूस येतो. म्हणून प्रत्येक आंकडा व प्रत्येक पट्टा एकट्यानें पूर्ण भार पेलणारा असावा.

जागेचा हिशोबही आधीं करावा. टांगण्याच्या जागेपासून पायाच्या टोकापर्यंत २.७ मीटर अंतर असेल, तर ३० अंशांच्या झोक्यांत पाय पुढें सुमारें १.३५ मीटर जातात आणि मागेंही तितकेच. भिंत, खिडकी, कपाटाचा कोपरा या टप्प्याच्या चांगला बाहेर हवा. खालीं फरशी उघडी न ठेवतां, झोक्याची सारी वाट व्यापील अशी जाड गादी घालावी.

पट्टा जेथें आंकड्यावर घासतो आणि जेथें बकलांत धरला जातो, तेथें तो आधीं झिजतो. शिवणीचे टाके, बकलाचे दांते आणि आंकड्याचा नट दर वेळीं पाहावे. नायलॉनचे पट्टे उन्हांत टांगून ठेवूं नयेत. उन्हानें त्यांचे धागे कमकुवत होतात.

आतां शरीराविषयीं. झोक्याचा वेग आणि हातांवरील ओढ, दोन्ही खालच्या बिंदूवर सर्वांत अधिक असतात. घामानें हात सुटण्याचा संभव तेथेंच अधिक, आणि तेथें सुटलेलें शरीर वेगानें फेकलें जातें. म्हणून हात कोरडे करून, अंगठा कडीभोंवतीं घट्ट वळवूनच झोका घ्यावा. प्रथम अर्धा मिनिट स्वस्थ लोंबकळतां आलें पाहिजे, तेंही खांदे कानांपाशीं चढूं न देतां, पाठीच्या स्नायूंनीं किंचित् खालीं ओढून धरून. तें साधल्यावर लहान झोके घ्यावे. ज्यांचा खांदा पूर्वीं निखळला आहे, त्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून या वाटेस जाऊं नये. उतरतांना उडी मारण्याचा मोह आवरावा. झोका आपोआप मंदावूं द्यावा, आणि पाय गादीस टेकल्यावरच हात सोडावे.

शेवटची गोष्ट मुलांची. लोंबते पट्टे म्हणजे त्यांना खेळणेंच वाटतें, आणि पट्ट्याचा फांस गळ्यांत अडकण्यास क्षणही पुरतो. व्यायाम संपतांच कड्या काढून उंच जागीं ठेवाव्या, आणि मुलांना मोठें माणूस जवळ असल्यावांचून त्यांवर झुलूं देऊं नये.

झोपाळ्याची कडी कुरकुरूं लागली कीं घरांतलीं माणसें खालीं उतरत आणि वर पाहत. नव्या कड्या कुरकुरत नाहींत. म्हणून झोका घेण्यापूर्वीं आपणच वर पाहिलें पाहिजे.