फूल की दोन पानं: गोव्याचा कौल आणि त्यानंतरची वीस वर्षं

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. आमच्या ऑफिसात बेळगावचा एक तरुण इंजिनियर आहे. शुक्रवारी रात्रीच्या बसने घरी जाणारा, सोमवारी सकाळी डोळे चोळत परत येणारा. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "सर, कोर्टात वर्षानुवर्षं घालवण्यापेक्षा बेळगावात एकदाच मतदान का घेत नाहीत? लोकांना विचारा आणि विषय संपवा."

"विषय संपवा" हे शब्द ऐकले आणि मला २४ जून २०१६ ची सकाळ आठवली. बेंगळुरूत ज्यांचे क्लायंट लंडनमध्ये आहेत, त्यांच्याही ती लक्षात असेल. आपल्याकडे नऊच्या सुमारास निकाल स्पष्ट झाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. पाउंड तीस वर्षांत नव्हता इतका घसरला होता. पंतप्रधान कॅमेरन यांनी त्याच दिवशी राजीनामा जाहीर केला. विषय संपवण्यासाठीच त्यांनी मतदान घेतलं होतं! प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं. मधल्या काळात थेरेसा मे यांचं पंतप्रधानपदही गेलं, कारण "बाहेर" म्हणजे नेमकं कुठे, हे मतपत्रिकेवर लिहिलेलंच नव्हतं.

पण असं मतदान बघायला लंडनला जायची गरज नाही. ते आपल्या घराशेजारीच झालंय. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांना विचारलं गेलं: महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं? विलीनीकरणाची खूण होती फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. कायद्यात शब्द होता "ओपिनियन पोल". आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार तिसऱ्या कलमानुसार संसदेकडे आहे. त्यामुळे संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये खास कायदा करून हा कौल घेतला.

मुळात कौल घ्यायची वेळ का आली? गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष १२ जागा घेऊन विरोधात बसला. बांदोडकरांचं म्हणणं सरळ होतं: आमच्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र आहे, लोकांनी आम्हाला निवडून दिलं, म्हणजे लोकांना विलीनीकरण हवं आहे. १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठरावही केला. सिक्वेरांचं म्हणणं, निवडणुकीत माणूस दहा गोष्टींसाठी मत देतो. ही एक गोष्ट वेगळी विचारा.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे बेळगावसाठी लागेल.

आता निकाल. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

महाराष्ट्रात अनेक वर्षं याचा अर्थ असा लावला गेला की ख्रिस्ती समाजाने विलीनीकरण हाणून पाडलं. साधं गणित करा. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हाही चाळीस टक्क्यांहून कमी होती, आणि दोन पानांना मतं पडली चौपन्न टक्के. म्हणजे हिंदूंचा मोठा गट, त्यात घरी मराठी पेपर वाचणारे आणि देवळात मराठी आरती म्हणणारेही आले, विलीनीकरणाच्या विरोधात गेला. त्यांना तिकडे नेण्यात मोठा वाटा होता 'राष्ट्रमत' या दैनिकाचा. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यात गाजत होतं. हे दैनिक कोणत्या भाषेतलं? मराठी! महाराष्ट्रात जायचं नाही, हे गोवेकरांना मराठीतून पटवलं गेलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. मराठी आपली असणं आणि महाराष्ट्रात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे गोव्याने तेव्हा सांगितलं. तंजावर, बडोदा, इंदूर, बेंगळुरू इथल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबई-पुण्यात मात्र अजूनही सांगावं लागतं.

पण भाषा हा दिसणारा थर झाला. त्याखाली पोटापाण्याचा थर होता. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतल्या कुळांच्या डोक्यावर भाटकार बसलेला होता. महाराष्ट्रात गेलो तर तिथले कूळकायदे लागू होतील, जमीन आपल्या नावावर होईल, ही त्यांची आशा. फूल म्हणजे त्यांच्या लेखी सातबारा होता. उलट भाटकारांना नेमकी तीच भीती. सरकारी नोकरांना वाटायचं, मुंबईच्या सचिवालयाच्या ज्येष्ठता यादीत आपण तळाला जाऊ. मुक्तीनंतर डेप्युटेशनवर आलेल्या परराज्यांतल्या अधिकाऱ्यांचा अनुभव ताजा होता. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आणि परमिटची भानगड होती, त्यामुळे माडावर चढून सूर काढणारा रेंदेर आणि गावातला ताव्हेर्नवाला दोन पानांकडे वळला नसता तरच नवल. श्रीखंडपुरी नको, आपलं शीत-कडी बरं, अशा अर्थाची घोषणा तेव्हा गोवाभर फिरली. ऐकायला खाण्याची गंमत वाटते, पण बोट ताटातल्या अन्नावरच होतं.

मतदानाच्या बाबतीत आणखी दोन बारकावे. पहिला, कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं. ब्रिटनमध्ये सरकार खुर्चीवर बसून प्रचार करत होतं, घरोघरी पत्रकं वाटत होतं. आपण त्यांच्याकडून लोकशाही शिकलो असं म्हणतात, पण या एका धड्यात विद्यार्थी पुढे गेला होता. दुसरा बारकावा, मत कुणी द्यायचं? मुंबईत, बेळगावात, परदेशात राहणाऱ्या गोवेकरांनाही मत असावं अशी युनायटेड गोवन्सची मागणी होती. ती मान्य झाली नाही. पोटासाठी बाहेर पडलेल्याला घराबद्दल बोलायचा हक्क किती, हा प्रश्न ब्रिटनमध्येही आला. पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर असलेल्या नागरिकांना तिथे मत नव्हतं.

आता मुख्य विषय: निकालानंतर काय झालं?

पहिली गोष्ट चटकन कुणाला खरी वाटत नाही. कौल १६ जानेवारीला. विधानसभेची निवडणूक २८ मार्च १९६७ ला, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत. जिंकलं कोण? कौल हरलेले बांदोडकर! मगो पक्षाला १६, युनायटेड गोवन्सला १२. १९७२ मध्ये मगोच्या जागा आणखी वाढल्या. १९७३ मध्ये बांदोडकर गेले, पाठोपाठ त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत राहिल्या. बारा वर्षं गोवा चालवला तो कौल हरलेल्या पक्षाने, आणि कौल जिंकलेला पक्ष फुटून विरून गेला.

म्हणजे गोव्याचा बहुजन मतदार एका हाताने सांगत होता की महाराष्ट्रात जायचं नाही, आणि दुसऱ्या हाताने सांगत होता की भाटकारांचं राज्य परत नको. एका मतपत्रिकेवर ही दोन्ही वाक्यं मावली नसती. निवडणूक लगेच आल्यामुळे त्याला दोन्ही बोलता आली. मला वाटतं, गोवा त्यानंतर धुमसत राहिला नाही याचं मोठं कारण हेच. हरलेल्यांना घरी बसावं लागलं नाही आणि फुलाकडून जे मिळायचं होतं त्यातलं बरंचसं त्यांनी दोन पानांच्या गोव्यातच मिळवलं. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला, भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्याला हुसकावण्यापासून संरक्षण मिळालं. १९७६ मध्ये कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात आलं. पुढे ते कोर्टकचेऱ्यांत बराच काळ अडकलं, पण ते असो.

दुसरी गोष्ट जिंकलेल्यांची. सिक्वेरांना खरं तर स्वतंत्र राज्य हवं होतं. पण मतपत्रिकेवर तो पर्यायच नव्हता. होता तो फक्त केंद्रशासित प्रदेश. म्हणजे दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांना मिळालं ते दिल्लीचं नियंत्रण. घटक राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडलं, कौलानंतर वीस वर्षांनी.

आणि भाषा? कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद कौलाने मिटवला नाही, कारण ते विचारलंच नव्हतं. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं. १९८५-८६ मध्ये राजभाषेसाठी आंदोलन पेटलं, रस्ते अडले, माणसं मेली. कौलाच्या वेळी जे झालं नव्हतं ते वीस वर्षांनी झालं. शेवटी ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा मंजूर झाला: राजभाषा देवनागरी लिपीतली कोकणी, आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर करता येईल. गंमत बघा. मराठीवाले म्हणतात आम्हाला दुय्यम केलं. आणि रोमी लिपीत कोकणी लिहिणारे ख्रिस्ती, ज्यांनी दोन पानांसाठी जिवाचं रान केलं, ते म्हणतात आमच्या लिपीला कायद्यात जागाच नाही. दोन्ही तक्रारी आजही जिवंत आहेत, आणि माझ्या मते दोन्हींत तथ्य आहे.

आता इथे, बेंगळुरूत, याचा संबंध. त्या वेळी कर्नाटकाचं नाव म्हैसूर होतं आणि मुख्यमंत्री होते निजलिंगप्पा. म्हैसूर सरकारचा गोव्याच्या विलीनीकरणाला विरोध होता. का, ते नकाशावर बोट ठेवलं की कळतं. काणकोण संपलं की कारवार. महाराष्ट्र कारवारवर हक्क सांगत होता. गोवा महाराष्ट्रात गेला असता तर महाराष्ट्राची हद्द कारवारच्या वेशीला भिडली असती. शिवाय महाजन आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला होता आणि त्याचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. गोव्याचा कौल बरोबर त्या मधल्या महिन्यांतला. अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

महाराष्ट्राची सीमाप्रश्नावरची भूमिका चार गोष्टींवर उभी आहे: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा. यातली चौथी कसोटी गोव्यात लावली गेली, आणि निकाल आपल्याला नको तो लागला. बेळगावच्या मित्राला मी हेच विचारलं. मतदान घ्यायचं, पण घटक कोणता? गोव्यात संपूर्ण प्रदेश एकच घटक धरला होता. फुलाकडे झुकलेलं पेडणे आणि दोन पानांवर तुटून पडलेलं सासष्टी, दोघांची मतं एकाच पेटीत. खेडं घटक धरलं असतं तर गोव्याचे तुकडे झाले असते. बेळगावात शहर धरणार, तालुका धरणार की खेडं? मत कुणाला? १९५६ मध्ये तिथे असलेल्या कुटुंबांना, की आज राहणाऱ्या प्रत्येकाला? आणि बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या तुला?

तो म्हणाला, "पण समिती इतकी वर्षं निवडून येत होती, त्यावरून लोकांची इच्छा कळत नाही का?" मी म्हटलं, बांदोडकरही १९६३ मध्ये हेच म्हणाले होते. आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१८ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, म्हणून बेळगावच्या मराठी माणसाची इच्छा संपली, असं इथले चॅनेलवाले म्हणतात तेही पटण्यासारखं नाही. मराठी शाळा, मराठीतला उतारा, मराठी पाटी मागणारा माणूस वेगळ्या पक्षाला मत देऊनही ते मागतच असतो.

मग मी त्याला चहाच्या बिलाची पाठकोरी बाजू दिली. म्हटलं, बेळगावची मतपत्रिका लिही, प्रश्न एका वाक्यात, पर्याय दोनच. त्याने "महाराष्ट्र" लिहिलं, "कर्नाटक" लिहिलं. मग थोडा वेळ थांबून खाली तिसरी ओळ लिहिली: "आहे तिथेच, पण कागदपत्रं मराठीत." मी म्हटलं, तीन चालणार नाहीत. तो म्हणाला, "मग आमच्या घरातच तीन मतं पडतील, सर."

पुढच्या भागात महाजन अहवाल उघडू. कुठली गावं इकडे, कुठली तिकडे, आणि जत-अक्कलकोटचं नाव त्यात कसं आलं, ते बघू. नमस्कार.