निळेपणावरून किरणांची मात्रा

कंधारच्या राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग तलावात फुटांच्या खुणा केलेला एक खांब रोवला, तर तलावात पाणी किती आहे हे त्यावरून कळेल का? आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. पण खांब सांगतो ती पाण्याची उंची, आकारमान नव्हे. तलाव तळाशी अरुंद आणि वर पसरट असेल, तर तेवढेच पाणी आले तरी खाली पातळी भरभर चढते, वर मात्र हळूहळू. उंची दुप्पट म्हणजे पाणी दुप्पट, हा हिशेब तेथे चालत नाही. कोणत्या खुणेला किती पाणी, याचे कोष्टक आधी करून ठेवावे लागते. मापनाच्या साधनाला असे कोष्टक जोडून देणे म्हणजेच अंशशोधन.

कर्करोगाच्या किरणोपचारात अशाच एका कोष्टकाची गरज पडते. या भागातले रुग्ण उपचारासाठी लातूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर, कधी थेट परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठतात. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे नवा नाही. त्यासाठी साधारणपणे रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे मात्रा देतात. एक किलोग्रॅम पदार्थात एक जूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा १ ग्रे. ही ऊर्जा किती थोडी! २ ग्रे मात्रेने पाणी जेमतेम ०.०००५ अंश सेल्सियस तापते. तरीही पेशींतील डीएनएचे धागे तोडायला ती पुरते.

मात्रा कमी पडली तर गाठ शिल्लक राहते. जास्त झाली तर शेजारचे निरोगी भाग पोळतात. मानेतल्या मज्जारज्जूला सुमारे ४५ ते ५० ग्रेच्या पुढे नेणे धोक्याचे असते. म्हणून मात्रेतील चूक ५ टक्क्यांच्या आत असावी, अशी शिफारस किरण-मापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्येच केली होती.

मात्रा मोजण्याचे विश्वासू साधन म्हणजे आयनीभवन कक्ष. पण ०.६ घन सेंटिमीटरची ती पोकळी एका जागेचीच मात्रा सांगते. आजकाल किरणांचा झोत गाठीच्या आकाराबरहुकूम घडवतात. एका बाजूला भरपूर मात्रा आणि काही मिलिमीटरवर अगदी थोडी. तेथे सगळा नकाशाच हवा. तो रेडिओक्रोमिक फिल्म देते. रुग्णावर उपचार करण्याआधी तोच झोत फिल्मवर सोडून आखणी पडताळतात.

या फिल्ममध्ये प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत सुमारे २८ मायक्रॉन जाडीचा क्रियाशील थर असतो. किरण पडले की त्यातले डायअॅसेटिलीन वर्गाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात आणि थर निळा होतो. ना अंधारी खोली, ना रसायने धुण्याची कटकट. निळा थर तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून रंगीत स्कॅनरमधून मिळणाऱ्या प्रतिमेतला तांबडा भागच मुख्यतः वाचतात. समजा, कोऱ्या फिल्मचे वाचन ४२,००० आणि २ ग्रे दिलेल्या फिल्मचे ३०,००० आले. गुणोत्तर १.४, त्याचा दहा पायाचा लॉगॅरिदम ०.१४६. ही निव्वळ प्रकाशीय घनता. ४ ग्रेला ती ०.२९२ यावी असे वाटेल, पण येते त्याहून कमी. वर तलाव पसरट झालेला असतो!

म्हणून एकाच गठ्ठ्यातल्या फिल्मचे लहान तुकडे कापतात, प्रत्येकाच्या एकाच कोपऱ्यावर खूण करतात आणि पाण्यासारख्या गुणधर्माच्या प्लॅस्टिक फळ्यांमध्ये ठेवून त्यांना ०, ०.५, १, २, ४, ८ ग्रे अशा माहीत असलेल्या मात्रा देतात. ‘माहीत’ कशावरून? यंत्राची मात्रा आयनीभवन कक्षाने मोजलेली असते आणि त्या कक्षाचे अंशशोधन ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रमाणाशी जुळवलेले असते. या साखळीतला एक दुवा चुकला, तर पुढची सगळी वाचने तेवढीच चुकतात, आणि आलेख मात्र सुरेख दिसतो.

फिल्मचे नखरेही पुष्कळ. किरण थांबल्यावरही ती काही तास निळी होतच राहते. म्हणून सगळे तुकडे सारख्याच अवधीनंतर, बहुधा चोवीस तासांनी, वाचतात. तुकडा स्कॅनरवर आडव्याऐवजी उभा ठेवला तर वाचन बदलते, कारण थरातले सुईसारखे स्फटिक एका दिशेने मांडलेले असतात. काचेच्या मध्यावरचे आणि कडेचे वाचनही जुळत नाही. उन्हात राहिली तर फिल्म आपली आपणच निळी पडते. नवा गठ्ठा फोडला की कोष्टक पुन्हा पहिल्यापासून.

वर्गात हे करून पाहायला क्ष-किरण नकोत. ताज्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या पट्ट्या कापाव्यात आणि कडक उन्हाळ्यात १, २, ४ आणि ८ दिवस उन्हात ठेवाव्यात. एक झाकून ठेवावी. पिवळेपणाच्या क्रमाने त्या पुठ्ठ्यावर चिकटवून खाली दिवस लिहावेत. मग तीन दिवस उन्हात ठेवलेली एक पट्टी, दिवस न सांगता, मुलांच्या हाती द्यावी आणि ती कुठे बसते ते त्यांना शोधू द्यावे.