जंजिऱ्याचा चुलतभाऊ

मुरूडच्या ट्रिपला गेलेल्या प्रत्येकाने जंजिरा पाहिलाय, पण त्या नावाचा अर्थ किती जणांना माहीत आहे? अरबी भाषेत ‘जझीरा’ म्हणजे बेट. कोकणात पोचेपर्यंत त्याचं जंजिरा झालं. कतारच्या प्रसिद्ध न्यूज चॅनेलचं नाव, ‘अल जझीरा’, तेही याच शब्दावरून आलंय. फक्त तिथे रोख एका बेटाकडे नसून अख्ख्या अरबी द्वीपकल्पाकडे आहे. तर मित्रांनो, आज या चुलतभावाची आणि त्याच्या खानदानाची गोष्ट. ई अँड टीसीवाल्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचा, कारण यात राजकारण आहे तेवढाच तुमचा सिलॅबसही आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. अरब लीगमध्ये २२ देश आहेत. मोरोक्कोचा माणूस आणि इराकचा माणूस घरात जी अरबी बोलतात, ती एकमेकांना धड कळत नाही. पण बातम्यांची, पुस्तकांची प्रमाण अरबी सगळीकडे एकच. म्हणजे एका बातमीपत्राला २२ देशांत श्रोते तयार! सरकारांची नेमकी हीच डोकेदुखी होती. छापलेला पेपर विमानतळावर अडवता येतो, नको ते पान फाडून टाकता येतं. आकाशातून येणाऱ्या लहरीचं काय करणार?

हे सगळ्यात आधी ओळखलं ते परक्यांनी. मुसोलिनीच्या इटलीने १९३४ मध्ये बारी शहरातून अरबीत रेडिओ सुरू केला आणि त्यावरून ब्रिटिशांच्या विरोधात प्रचार चालवला. त्याला उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ ला बीबीसीने अरबी सेवा काढली. बीबीसीची ती पहिलीच परभाषिक सेवा. मग इजिप्तमध्ये नासरचं राज्य आलं आणि ४ जुलै १९५३ ला कैरोहून ‘सौत अल अरब’, म्हणजे ‘अरबांचा आवाज’, सुरू झाला. सुरुवातीला कार्यक्रम होता रोज जेमतेम अर्ध्या तासाचा. पण त्याच सुमारास ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेले आणि हा आवाज येमेनच्या डोंगरापर्यंत पोचला. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री उम्म कुलसूम या गायिकेची मैफल रेडिओवर लागायची. त्या वेळी रस्ते ओस पडायचे म्हणे. गाण्यासाठी लावलेल्या रेडिओवर नासरचं भाषणही ऐकलं जायचं, हे वेगळं सांगायला नको. (आपल्याकडे याच्या उलट झालं. पुण्याचे बी. व्ही. केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवरून फिल्मी गाणी गेली आणि पब्लिक सरळ रेडिओ सिलोनकडे वळलं!)

हा आवाज पडला तो स्वतःच्याच थापांमुळे. जून १९६७ च्या युद्धात पहिल्याच दिवशी इजिप्तची बहुतेक विमानं जमिनीवरच जळाली होती, आणि अहमद सईद हा सौत अल अरबचा स्टार निवेदक मात्र इस्रायलची किती विमानं पाडली त्याचे आकडे जोशात सांगत होता. खरं काय ते काही दिवसांतच बाहेर आलं. त्यानंतर अरब माणूस कैरो लावायचा, पण खात्री करायला लंडन लावायचा.

आता सॅटेलाइटकडे येऊ. १९७६ मध्ये अरब लीगच्या देशांनी मिळून ‘अरबसॅट’ ही संस्था काढली आणि १९८५ मध्ये तिचे पहिले दोन उपग्रह वर गेले. दुसरा डिस्कव्हरी या स्पेस शटलमधून गेला, आणि त्याच फ्लाइटमध्ये सुलतान बिन सलमान हा सौदी राजपुत्रही होता. अंतराळात जाणारा हा पहिला अरब. एवढा खटाटोप केला, पण उपग्रहावर लावायचं काय? तीच ती सरकारी चॅनेलं. राजा विमानतळावर उतरला, राजाने हात मिळवला, राजा परत गेला. जुन्या दूरदर्शनबद्दल घरी ऐकलं असेल, तर त्याच्या पुढचा प्रकार समजा.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळला. शेजारच्या सौदीतल्या वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने ही बातमी दोन-तीन दिवस दिलीच नाही! आपल्या सीमेवर परकं सैन्य उभं आहे, हे तिथल्या लोकांना परदेशी रेडिओवरून कळलं. पुढे युद्ध झालं ते सगळ्यांनी सीएनएनवर पाहिलं. आपल्याकडेही गच्चीवर डिश आणि गल्लीत केबलवाला आला, तो याच युद्धानंतर. १९९१ मध्येच सौदी पैशावर लंडनहून ‘एमबीसी’ हे चॅनेल सुरू झालं. १९९४ मध्ये सौदी मालकीच्या ‘ऑर्बिट’ने बीबीसीशी करार करून अरबी टीव्ही काढला, पण बीबीसीने सौदी अरेबियाबद्दल एक कडक कार्यक्रम दाखवला आणि एप्रिल १९९६ मध्ये ऑर्बिटने तो टीव्ही बंद पाडला. बीबीसीत तयार झालेले बरेच पत्रकार एका झटक्यात बेकार झाले.

त्यांना उचललं कतारने. अमीर शेख हमद यांनी सुमारे ५० कोटी रियाल दिले आणि १ नोव्हेंबर १९९६ ला अल जझीरा सुरू झालं. सुरुवातीला ते केयू (Ku) बँडवर होतं. केयू बँड म्हणजे साधारण १२ गिगाहर्ट्झ, आणि त्याचा झोत अरुंद. सी बँड ४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. त्याला डिश मोठी लागते, पण झोत रुंद, म्हणजे एकाच ट्रान्सपॉन्डरवर मोरोक्कोपासून आखातापर्यंत सगळे. पण सी बँडवर जागाच नव्हती. ती कशी मिळाली ते ऐका. जुलै १९९७ मध्ये एका फ्रेंच चॅनेलने मुलांच्या कार्यक्रमाच्या वेळेत, चुकीची फीड जोडली गेल्यामुळे, सुमारे अर्धा तास चक्क ‘तसली’ फिल्म दाखवली. अरबसॅटने त्यांची हकालपट्टी केली आणि ती जागा अल जझीराला मिळाली. कुठल्या तरी टेक्निशियनने भलतीच वायर जोडली नसती, तर... असो.

जाता जाता एक गंमत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपला इन्सॅट-२डी बंद पडला. तेव्हा इस्रोने वर फिरत असलेला अरबसॅट-१सी विकत घेतला आणि त्याचं नाव ठेवलं इन्सॅट-२डीटी. सेकंडहँड बाइक घेतात तसा सेकंडहँड उपग्रह!

अल जझीराने नवं काय केलं? भांडणं दाखवली. फैसल अल कासिम यांच्या ‘उलट दिशा’ या कार्यक्रमात दोन कट्टर विरोधक समोरासमोर बसायचे, प्रेक्षक फोन करून मंत्र्यांना लाइव्ह सुनवायचे. इस्रायली प्रवक्ते अरब घरात पहिल्यांदा दिसले ते इथेच. इजिप्तचे मुबारक दोहाला आले तेव्हा स्टुडिओ बघून म्हणाले, एवढा सगळा गोंधळ या काडेपेटीतून होतो? २००१ मध्ये अफगाणिस्तानवर बॉम्ब पडत होते तेव्हा काबूलमधली चित्रं याच चॅनेलकडे होती. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या काबूल ऑफिसवर अमेरिकन बॉम्ब पडला. ८ एप्रिल २००३ ला बगदादमधल्या ऑफिसवर हल्ला झाला आणि तारिक अय्यूब हा बातमीदार ठार झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये सौदी पैशाचं ‘अल अरबिया’ दुबईहून सुरू झालं होतं. काडेपेटीला काडेपेटीनेच उत्तर.

पण बटण अजून कोणाच्या तरी हातात असतंच. जानेवारी २०११ मध्ये कैरोत लोक रस्त्यावर उतरले. सरकारने इंटरनेट तोडलं, आणि ३० तारखेला नाइलसॅट या इजिप्शियन उपग्रहावरून अल जझीरा उडवलं. गंमत बघा, दुसऱ्या काही अरब चॅनेलांनी आपले कार्यक्रम थांबवून अल जझीराची फीड दाखवायला सुरुवात केली. बटण दाबायचं नसेल तर दुसरी युक्ती आहे जॅमिंगची. साधा ट्रान्सपॉन्डर खालून येईल ते फक्त मोठं करून परत पाठवतो, त्यामुळे त्याच फ्रिक्वेन्सीवर जास्त पॉवरने कचरा वर पाठवला की झालं. २०१० च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये अल जझीराच्या स्पोर्ट्स चॅनेलवर हाच प्रयोग झाला.

आणि मालकाचं बटण? कैरोतल्या गर्दीवर रात्रंदिवस कॅमेरा लावणारं हेच अरबी चॅनेल त्याच वर्षी बहारीनमधल्या आंदोलनाबद्दल बरंच गप्प होतं, आणि खुद्द कतारच्या अमिरावर तिथे कधी तशी भांडणं रंगली नाहीत. मला तरी वाटतं की अल जझीराचं खरं मोजमाप करायचं तर ते कोणावर ओरडतं त्यापेक्षा कोणाबद्दल बोलत नाही, ते बघावं. तरीही १९९० च्या त्या तीन दिवसांच्या शांततेपेक्षा हे हजारपट बरं. दहा मालक असले तर एकाचं लपवलेलं दुसरा दाखवतो. म्हणून तर जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली, तेव्हा १३ मागण्यांत अल जझीरा बंद करा ही पण एक होती. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली. चॅनेल चालूच राहिलं.

मे २०२४ मध्ये इस्रायलने आपल्याकडचं त्यांचं काम बंद केलं. सप्टेंबरमध्ये सैनिक रामल्लाच्या ऑफिसात शिरले आणि ४५ दिवस बंदीचा कागद तिथल्या प्रमुखाच्या हातात दिला. कॅमेरा सुरू होता, त्यामुळे तो कागद वाचतानाचं दृश्यही लाइव्ह गेलं. जानेवारी २०२५ मध्ये पॅलेस्टिनी प्रशासनानेही त्यांच्यावर काही महिने बंदी घातली. एरवी या दोघांचं कशावरच जमत नाही.