अठरा पेशंट, मग पुढे?

न्यूरोसर्जन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटरच येतं ना? स्टॅनफर्डच्या डॉ. गॅरी स्टाइनबर्ग यांचं काम लॅबमध्येही चालतं. स्ट्रोकला सहा महिने ते तीन वर्षं उलटलेल्या १८ जणांच्या कवटीला बारीक छिद्र पाडून त्यांच्या टीमने मेंदूत स्टेम सेल सोडल्या. २०१६मध्ये निकाल आला. काहींचे लुळे हात-पाय चक्क हलू लागले होते! गंमत म्हणजे, या पेशी स्वतः न्यूरॉन बनत नाहीत. त्या मेंदूलाच डागडुजीला लावतात, असा अंदाज. केवढा गाजावाजा झाला! पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. पुढच्या मोठ्या चाचणीत काहींवर लुटुपुटीची शस्त्रक्रिया झाली, पेशी न सोडताच. २०१९मध्ये कळलं, ठरवलेल्या मुख्य निकषावर दोन्ही गटांत ठोस फरक नाही. स्टाइनबर्ग पुन्हा पेशंटवरच्या चाचणीकडे वळले. यावेळी भ्रूणापासून मिळवलेल्या पेशी घेऊन.