यंत्रव्यवस्थेतील आज्ञार्थ आणि विध्यर्थ

एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लिनक्सवर चालणारे साठ संगणक आहेत, असे समजू. त्या सर्वांवर तीच साधने, तीच खाती आणि तेच सुरक्षेचे निर्बंध असावयाचे आहेत. व्यवस्थापकाने प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे आज्ञा दिल्या, तर पहिल्या दिवशी ती सारखी होतीलही. परंतु पुढे एकावर तातडीची दुरुस्ती होते, दुसरे नेमके त्या दिवशी बंद असते, आणि काही महिन्यांतच त्यांच्यातील साम्य नाहीसे होते. या विचलनास आळा घालण्यासाठी विन्यास-व्यवस्थापनाची साधने निर्माण झाली. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो येथे सीएफएंजिन रचले. त्यानंतर पपेट (२००५), शेफ (२००९), सॉल्ट (२०११) आणि अॅन्सिबल (२०१२) ही साधने आली. पपेटचा प्रतिनिधी-कार्यक्रम प्रत्येक यंत्रावर राहतो व सामान्यतः दर तीस मिनिटांनी मध्यवर्ती यंत्राकडून आपला विन्यास मागवितो. अॅन्सिबल असा प्रतिनिधी न ठेवता एसएसएचच्या मार्गाने यंत्रांपर्यंत पोहोचते.

या साधनांचे मर्म त्यांच्या वाक्यरचनेत आहे. ‘या फाइलीच्या शेवटी अमुक ओळ जोड’ ही आज्ञा तीनदा दिली, तर ओळ तीनदा जोडली जाते. ‘या फाइलीत अमुक ओळ असावी’ असे म्हटले, तर साधन प्रथम फाइल पाहते. ओळ नसेल तरच ती घालते. कितीही वेळा चालविले तरी परिणाम एकच, या गुणाला आयडेम्पोटन्स म्हणतात. हा शब्द बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये बीजगणितासाठी योजिला होता. त्याचे व्यावहारिक मोल मोठे आहे. सदतिसाव्या यंत्राशी असलेला संपर्क मध्येच तुटला, तर काम कोठवर झाले हे शोधीत बसावे लागत नाही. तेच वर्णन पुन्हा लागू करता येते.

या भाषांना ‘निवेदनात्मक’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने मात्र ही संज्ञा सदोष ठरते. स्वार्थी वाक्य आणि वस्तुस्थिती यांत विरोध आला, तर वाक्य खोटे ठरते. येथे उलट वस्तुस्थितीच बदलली जाते. म्हणून ही वाक्ये विध्यर्थाची होत. पपेटमध्ये अवस्थेच्या आधी ‘एन्शुअर’ हे पद येते, तेही याच अर्थाला पुष्टी देते.

रूपावरून अर्थ ठरविण्याचा धोका येथेही आहे. अॅन्सिबलमध्ये सेवेसाठी ‘स्टार्टेड’ आणि ‘रीस्टार्टेड’ ही दोन पदे आहेत. रूपाने दोन्ही कृदन्तेच. परंतु पहिले अवस्था सांगते, तर दुसरे घटना घडविते. ते लिहिले की सेवा प्रत्येक वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होते. म्हणून पुनरारंभ ‘हँडलर’मध्ये ठेवण्याची पद्धत आहे: विन्यासाची फाइल खरोखर बदलली असेल, तरच तो घडतो. हा झाला संकेतार्थ.

याहून गंभीर प्रश्न मौनाचा आहे. संस्था सोडून गेलेल्या व्यक्तीचे नाव खात्यांच्या यादीतून खोडले, म्हणजे तिचे खाते गेले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात साधन सामान्यतः उल्लेख नसलेल्या वस्तूस हात लावीत नाही. ते खाते साठही यंत्रांवर तसेच राहते आणि प्रवेशाचे द्वार उघडे राहते. ते नष्ट व्हावयाचे तर ‘अॅबसेंट’ असे स्पष्ट लिहावे लागते. न्याय-वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. या भाषांतही अभावाचे विधान आणि विधानाचा अभाव या दोन भिन्न गोष्टी होत.

एका वाक्यातील चूक एकाच वेळी सर्व यंत्रांवर पोहोचत असल्याने वाचनाची जबाबदारीही वाढते. वर्णने गिटमध्ये ठेवून दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घेणे, कोणते बदल होतील हे ‘चेक’ पद्धतीने आधी पाहणे आणि प्रथम दोन-तीन यंत्रांवरच प्रयोग करणे, एवढी दक्षता आवश्यक होय. मात्र ‘शेल’सारख्या घटकातून दिलेल्या सरळ आज्ञांचा परिणाम ‘चेक’ पद्धतीत सहसा दिसत नाही. त्या प्रत्येक ओळीची तपासणी वाचणाऱ्यालाच करावी लागते.