दिवाबत्तीची तरतूद

बिलोलीच्या शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टल येथे चालुक्यकालीन मंदिरे आहेत. ती पाहणारा शिल्पकाराचे कौतुक करतो. त्या काळच्या दात्याच्या व्यवहारज्ञानाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. चालुक्य काळातील अनेक दानलेखांत मंदिर बांधल्याच्या उल्लेखाबरोबर नंदादीपासाठी तेल, पूजेसाठी जमीन आणि ‘खंडस्फुटित जीर्णोद्धारा’साठी, म्हणजे पडझडीच्या दुरुस्तीसाठी, कायमचे उत्पन्न नेमून दिलेले आढळते. जिनालयांना दिलेल्या दानांतही हीच रीत होती. व्यापाऱ्यांच्या श्रेणी आपल्या मालावरील ठरावीक हिस्सा त्यासाठी देत असत.

आज लहान गावांतील वस्तुसंग्रहालयांची जी आर्थिक ओढाताण होते, तिचे मूळ ही तरतूद विसरण्यात आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर पाहावे. हे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठण व तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरास जात असल्याची नोंद आहे. तगरच्या मालात कापड मुख्य. तेर येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रतिमेशी साम्य दाखवते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आवडीने अशा वस्तू जमवल्या आणि त्या संग्रहातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पुण्यात दिनकर केळकर यांनी जन्मभर जमवलेला संग्रह 1975 मध्ये शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाचा ध्यास संग्रह उभा करू शकतो. पुढच्या पिढ्यांचा खर्च एकट्याने पेलणे त्याला शक्य नसते.

बँकेच्या नोकरीत कर्जप्रकरणे तपासताना एक चूक वारंवार दिसे. शेड उभी राही, यंत्रे येत, उद्घाटन होई. खेळते भांडवल मात्र कोणी धरलेलेच नसे. संग्रहालयाचेही तसेच होते. इमारतीवर नाव लागते, म्हणून इमारतीस देणगी मिळते. पहारेकऱ्याचा पगार, वीज, वाळवीप्रतिबंध, छताची गळती यांवर कोणाचे नाव लागत नाही. ओलावा कमीजास्त झाला की हस्तिदंताला तडे जातात. तो अनुदानाची वाट पाहत नाही.

तिकिटावर भिस्त ठेवता येईल काय? दररोज 20 प्रेक्षक, 10 रुपये तिकीट आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर 60,000 रुपये होतात. त्यात एका पहारेकऱ्याचा वर्षाचा पगारही भागणार नाही.

म्हणून कायम निधी हवा. पण त्याचा हिशेब कठोरपणे मांडावा. समजा, 10 लाखांच्या ठेवीवर 7 टक्क्यांनी 70,000 रुपये व्याज आले. महागाई 5 टक्के धरली, तर मुद्दलाची किंमत टिकवण्यासाठी 50,000 रुपये पुन्हा मुद्दलात टाकावे लागतील. खर्चास उरतात 20,000. सगळे व्याज खर्च करणारी संस्था नकळत मुद्दलच खात असते.

आपल्या घरांत ही कल्पना नवी नाही. भोजनशाळेत आपण कायम तिथी लिहवतो; रक्कम एकदाच देतो आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशीचा खर्च चालतो. संग्रहालयासाठी अशी तिथी का नसावी? वडिलांच्या पुण्यतिथीस एका दालनाची दिवाबत्ती आणि देखभाल आपल्या नावे असावी. दान देताना ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असे लेखी द्यावे, म्हणजे ती चालू खर्चात जिरत नाही. पुढे दरवर्षी ताळेबंद मागावा. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको.

अनेक घरांच्या माळ्यावर जुन्या रोकडवह्या, खतावण्या, वजनमापे पडून आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत जातात आणि बाजारपेठेचा इतिहास किलोच्या भावाने विकला जातो. त्या जरूर संग्रहालयास द्याव्यात. पण वस्तूबरोबर तिच्या सांभाळाची रक्कमही द्यावी. आपल्या पूर्वजांनी देऊळ बांधताना तेलाचीही सोय केली होती.